जुन्या ओळखीचा फोन आणि घरातला विश्वास

जेवताना मोबाईल ताटाशेजारी पालथा ठेवायला नवरा नेमका कधीपासून लागला, हे आजकालच्या बायकोला महिन्यानिशी सांगता येते. फोन पालथा, आवाज बंद, आंघोळीला जातानाही फोन बरोबर. मग एखाद्या रविवारी धाकटा मुलगा गेम खेळण्यासाठी तो हातात घेतो आणि वरच्या बाजूला संदेश चमकतो, ‘जेवलास का?’ पाठवणारीचे नाव घरात कोणी कधी ऐकलेले नसते. कुठे या जागा उलट असतात, पालथा फोन बायकोचा आणि संदेश वाचणारा नवरा. दोन्हीकडे पुढचे पंधरा दिवस त्या वन रूम किचनमध्ये मुलांच्या मार्फतच बोलणे चालते. “आईला सांग, मी निघालो.” “बाबांना सांग, डबा ओट्यावर आहे.”

वाचकहो, नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी समाजकार्य करणाऱ्या आमच्यासारख्यांकडे कौटुंबिक तक्रारी पूर्वीपासून येतात. दारू, मारहाण, सासुरवास, पगार घरी न देणे, या तक्रारी आजही आहेतच. पण त्यांच्या जोडीला आता आणखी एक तक्रार सतत येऊ लागली आहे. लग्नाआधी जिच्याशी किंवा ज्याच्याशी मन जुळले होते, त्या व्यक्तीशी पुन्हा बोलणे सुरू झाले, आणि ते घरात सांगितले गेले नाही. मारहाण नाही, दुसरा घरोबा नाही, पण संसारातला राम निघून गेला आहे, अशी ही तक्रार असते. काय झाले असे विचारले तर नीट सांगताही येत नाही.

असले विषय कौटुंबिक पानावर कशाला, असे काही ज्येष्ठ मंडळी विचारतील. त्यांना एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत चालवले. ज्या गोष्टी घरात कोणाला विचारता येत नसत, त्या वाचक त्या मासिकाला विचारत आणि कर्वे स्पष्ट उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. स्त्री-पुरुष संबंधांविषयी माणसे प्रश्न विचारत असतील तर त्यांना जाणतेपणाने उत्तर मिळाले पाहिजे, ही भूमिका आपल्याला नवी नाही.

जुनी ओळख परत कशी येते

पूर्वी जुनी ओळख परत येण्याला फार अडथळे होते. पत्र घरी यायचे, पोस्टमन चाळीत मोठ्याने नाव पुकारायचा, आणि पाकिटावरचे अक्षर कोणाचे हे घरातल्या चार जणांच्या नजरेत यायचे. फोन असलाच तर शेजाऱ्याकडे. आज ती ओळख खिशात येऊन बसते. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. पंचवीस वर्षे झाली म्हणून गावच्या शाळेत स्नेहमेळावा ठरतो. एकाच रंगाचे शर्ट आणि साड्या, गुरुजींचा सत्कार, जेवण, फोटो. यात वाईट काहीच नाही, उलट चांगलेच आहे. कोणी शाळेला संगणक घेऊन देतो, कोणी आजारी वर्गमित्रासाठी वर्गणी काढतो. पण त्याच ग्रुपमधून एखादा क्रमांक वेगळा जतन होतो आणि ‘ओळखलंस का?’ असा संदेश रात्री अकरा वाजता जातो.

त्यातून आपला हा भाग कसा वसला तेही पाहिले पाहिजे. विरारहून चर्चगेटला जायला दीड-पावणेदोन तास लागतात. सकाळी अंधारात घर सोडायचे आणि रात्री मुले झोपल्यावर परतायचे, असे आयुष्य इथल्या हजारो घरांचे आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती, आणि त्यानंतर किती इमारती उठल्या हे नालासोपाऱ्याच्या पुलावरून नुसते पाहिले तरी कळते. मुंबईतल्या चाळीत आणि वस्तीत भाड्याने किंवा एकत्र राहणारी माणसे स्वतःचे घर मिळते म्हणून इकडे आली. घर मिळाले, पण भांडण सोडवणारी आत्या, कान धरणारा मोठा काका, दार ढकलून आत येणारी शेजारीण तिकडेच राहिली. नवरा-बायकोच्या वाट्याला दिवसात धड अर्धा तास येतो आणि त्यात गॅस, शाळेची फी आणि घराचा हप्ता हेच विषय असतात. लोकलमध्ये उभ्याने घालवलेले तीन तास मात्र मोकळे असतात, आणि हातात फोन असतो. कोणीतरी ‘दमलास का?’ असे विचारले तर माणसाला बरे वाटते. हे समजून न घेता नुसते ‘चारित्र्य बिघडले’ म्हणून शिक्का मारणे आम्हाला पटत नाही. समजून घेणे म्हणजे मान्य करणे, असेही नाही.

पंचवीस हजारांची नोंद

नालासोपारा पूर्वेकडील एक जोडपे आमच्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगतो. लग्नाला चौदा वर्षे झालेली. ते अंधेरीला खाजगी कंपनीत, ताई वसई पूर्वेच्या एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाला. भाऊंची कॉलेजातली एक मैत्रीण होती. तेव्हा लग्नापर्यंत गोष्ट गेली होती, पुढे घरच्यांनी मोडली. तिचे लग्न दुसरीकडे झाले. करोनाच्या साथीत तिचा नवरा गेला. कोणाकडून तरी क्रमांक मिळवून तिने भाऊंना फोन केला आणि मुलीच्या फीसाठी मदत मागितली. भाऊंनी चार वेळा मिळून पंचवीस हजार रुपये पाठवले. फोन महिन्यातून एक-दोनदा होत असे. भेट एकदाच झाली, तीही स्टेशनवर, मुलीसमक्ष.

ताई पासबुक भरून आणायला बँकेत गेल्या, तेव्हा हे उघड झाले.

आमच्यासमोर बसल्यावर भाऊ पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, की त्या बाईशी तसे काही नाही. आणि ते खरे असावे असे आम्हालाही वाटले. पण ताईंचे म्हणणे वेगळेच होते. “पैसे दिले त्याचं मला वाटत नाही हो. बिचारीचा नवरा गेला. मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, द्या. पण वर्षभर मी भाजीवाल्याशी दहा रुपयांसाठी भांडत होते आणि हे माझ्याकडे बघत होते.”

“सांगितलं असतं तर हिने घर डोक्यावर घेतलं असतं,” भाऊ म्हणाले.

आम्ही ताईंना विचारले, “खरं सांगा, घेतलं असतं का?”

त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “घेतलं असतं. दोन दिवस. पण दोनच दिवस.”

आम्ही पेशाने कारकून, वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्यामुळे हिशेबाची भाषा लवकर तोंडात येते. वहीत तोटा दिसला तर त्याची चिंता असते, पण त्यावर इलाज करता येतो. वहीत एक नोंद दडवलेली सापडली, की मग बाकीची सगळी पाने पुन्हा तपासावी लागतात. ताईंचेही तेच झाले होते. मागच्या दिवाळीला बोनस कमी आला म्हणाले, तो खरेच कमी होता का? मालाड स्टेशनवर गाडी बंद पडली म्हणून उशीर झाला, तो खरेच झाला होता का? चौदा वर्षांतल्या सरळ गोष्टीही त्यांना वाकड्या दिसू लागल्या. भाऊंना मात्र वाटत होते, की पंचवीस हजारांचा विषय आहे, तो माफी मागून मिटेल.

तेव्हा प्रत्येक जुना संपर्क म्हणजे बेइमानी का? आमच्या मते मुळीच नाही. कोणाच्या घरी कोणी वारले म्हणून चौकशीचा फोन, एकाच कार्यालयात काम पडले म्हणून बोलणे, ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा, यांत खटकण्यासारखे काही नाही. लग्नाआधीचे आयुष्य पुसून टाकण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. पण एक खूण आम्ही अनुभवाने धरली आहे. त्या जुन्या व्यक्तीजवळ आपण आपल्या जोडीदाराची गाऱ्हाणी सांगू लागलो, ‘घरी मला कोणी समजून घेत नाही’ असे वाक्य तिकडे गेले, की तिथे घराची भिंत फुटली असे समजावे. मग भेट झालेली असो वा नसो. दुसरी खूण म्हणजे संदेश वाचून लगेच पुसून टाकणे. ज्यात काही नाही ते पुसावे लागत नाही.

नवऱ्याची मैत्रीण, बायकोचे ‘प्रकरण’

या विषयात एक अन्याय ठळकपणे दिसतो. नवऱ्याचा जुना संपर्क निघाला तर नातेवाईक म्हणतात, “पुरुष आहे, चुकतो कधीतरी, तू संसार बघ.” बायकोचा निघाला तर त्याच नातेवाइकांच्या तोंडी ‘प्रकरण’ हा शब्द येतो, तिचा फोन काढून घेतला जातो, नोकरी सोडायला लावतात आणि माहेरी पोहोचवून येतात. संपर्क दोघांचा तेवढाच असेल, कदाचित तिचा कमीच असेल.

ही दुटप्पी दृष्टी फक्त घरातली नव्हती, कायद्यातही होती. भारतीय दंड विधानाच्या कलम ४९७ नुसार परक्या विवाहित स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती, आणि तक्रार करण्याचा हक्क त्या स्त्रीच्या नवऱ्याला होता. पण नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर बायकोला या कलमाखाली तक्रारच करता येत नसे. इतकेच नव्हे, नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच होत नसे. म्हणजे बायको ही नवऱ्याची मालमत्ता, आणि गुन्हा तो मालकाचा हक्क डावलल्याचा! १९५४ साली मुंबई राज्यातून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनीही ते कायम ठेवले. अखेर २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते रद्द केले. त्या पाच जणांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. नवरा हा बायकोचा मालक नाही, हे त्या निकालात स्पष्ट म्हटले गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही व्यभिचाराचा तो गुन्हा पुन्हा घातलेला नाही.

याचा अर्थ काहीही करायला मोकळीक मिळाली असा काही जण लावतात, तो चुकीचा आहे. व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण आजही आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्यातील तरतुदीनुसार बौद्धांनाही लागू होतो, आणि त्यात ते कारण दोघांनाही सारखेच दिलेले आहे. मात्र जुन्या मित्राशी फोनवर बोलणे म्हणजे व्यभिचार नव्हे, हेही तितकेच खरे. पोलिसांची भीती घालून जोडीदाराला प्रामाणिक ठेवण्याचा मार्ग आता उरलेला नाही. जे काही करायचे ते घरातल्या घरात, बोलूनच करावे लागणार.

सांगायची सोय आहे का?

आम्हाला या लेखात मुख्य म्हणायचे आहे ते इथे. ‘खरे सांगायला हवे होते’ असे आपण सगळेच म्हणतो. पण खरे सांगितले तर त्या घरात काय घडेल, हे कोणी विचारत नाही.

विरारकडील एका तरुण विवाहितेची हकीकत आहे. लग्नाआधी ज्याच्याशी तिचे जुळले होते, तो मुलगा पुढे दारू आणि टोळक्यात गेला म्हणून तिने स्वतःच संबंध तोडले होते. लग्नानंतर दोन वर्षांनी त्याने तिला संदेश पाठवायला सुरुवात केली. जुने फोटो आहेत, नवऱ्याला पाठवीन, मला भेट. ही मुलगी सहा महिने त्याच्याशी ‘गोड’ बोलत राहिली, कारण तिला वेळ काढायचा होता. नवऱ्याने फोन पाहिला तेव्हा त्याला दिसले ते फक्त गोड बोलणे. त्याने हात उचलला. धमकीचे संदेश तिने भीतीपोटी पुसलेले होते.

आम्ही तिला विचारले, “पहिल्याच दिवशी नवऱ्याला का नाही सांगितलंस, बाळा?” ती म्हणाली, “लग्न ठरताना त्यांनी विचारलं होतं, आधी कोणी होतं का? मी हो म्हणणार होते, तेवढ्यात त्यांच्या मामी म्हणाल्या, आमच्या घरात तसली मुलगी चालणार नाही. मग मी नाही म्हटलं.”

ज्या घरात ‘हो’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही, तिथे ‘नाही’ हे उत्तर खोटे निघाले तर दोष एकट्या मुलीचा कसा? तिने खोटे सांगितले हे खरेच आहे आणि त्याचे समर्थन आम्ही करत नाही. पण त्या एका ‘नाही’मुळे धमकावणाऱ्याच्या हाती शस्त्र मिळाले. नवऱ्याला आधीच माहीत असते तर फोटोंना काडीची किंमत नव्हती. गुपित जितके मोठे, तितकी धमकावणाऱ्याची ताकद मोठी.

हा विषय गंभीरपणे घ्यावा म्हणून आपल्याच भागातील घटना सांगणे भाग आहे. १८ जून २०२४ रोजी सकाळी वसई पूर्वेला भर रस्त्यात एका तरुणाने, जिच्याशी त्याचे पूर्वी संबंध होते त्या तरुणीच्या डोक्यात लोखंडी पान्याचे घाव घालून तिला ठार केले. तिचे दुसऱ्या कोणाशी जुळले असावे या संशयाची बातमी तेव्हा सर्वत्र आली. आजूबाजूला माणसे उभी होती आणि काहींच्या हातात मोबाईल चित्रण करत होते. जुन्या नात्याचा फोन नेहमी ओढीपोटीच येतो असे नाही. कधी तो हक्क सांगायला येतो. ज्या मुलीला असा फोन येतो, तिला घरात सांगायला एक तरी माणूस हवा, आणि तो माणूस नवरा असेल तर त्यासारखे चांगले काय?

पाळत ठेवून विश्वास मिळत नाही

संशय आला की पहिली उडी फोनवर पडते. कोणी झोपलेल्या जोडीदाराचे बोट लावून फोन उघडतो, कोणी गुपचूप ॲप टाकून घेतो, कोणी बोलणे ध्वनिमुद्रित करतो आणि ते थेट सासर-माहेरच्या ग्रुपवर टाकतो. हे शेवटचे तर फारच वाढले आहे. एकदा आवाज चाळीस नातेवाइकांच्या फोनमध्ये गेला, की नवरा-बायकोने समेट केला तरी त्या चाळीस जणांकडून तो परत आणता येत नाही. दुसऱ्याच्या फोनमध्ये त्याच्या परवानगीशिवाय शिरणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार दंडनीय ठरू शकते, हेही बहुतेकांना ठाऊक नसते.

पंजाबातील भटिंडा येथील एका जोडप्याच्या घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याने बायकोची फोनवरील बोलणी चोरून मुद्रित केली होती. कुटुंब न्यायालयाने ती पुराव्यात घेऊ दिली, उच्च न्यायालयाने २०२१ साली नाकारली, आणि १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मान्य केली. ही बातमी आल्यावर आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आनंदाने सांगत आले, “आता रेकॉर्डिंगला परवानगी मिळाली!” त्यांनी निकाल अर्धाच ऐकला होता. तो न्यायालयात पुरावा सादर करण्यापुरता आहे. आणि त्याच निकालात न्यायमूर्तींनी असेही म्हटले आहे, की पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवण्याच्या थराला आले असतील, तर तेच नाते मोडल्याचे आणि विश्वास उरला नसल्याचे लक्षण आहे. घटस्फोट हवा असलेल्याला रेकॉर्डिंग उपयोगी पडेल. संसार हवा असलेल्याला ते काय कामाचे?

नुसत्या संशयावरून बायकोच्या चारित्र्यावर आरोप करणाऱ्यांसाठी २००३ सालचा एक निकाल महत्त्वाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या त्या प्रकरणात नवऱ्याने आपल्या लेखी जबाबात बायकोवर परपुरुषाशी संबंधाचे गलिच्छ आरोप केले होते. पुढे दुरुस्ती करून ते मागे घेतले. न्यायालयाने म्हटले, असे आरोप ही क्रूरताच आहे, आणि नंतर मागे घेतल्याने ती पुसली जात नाही. रागाच्या भरात ‘तुझे कोणाशी काय चालले आहे ते मला माहीत आहे’ असे शेजाऱ्यांसमोर बोलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अशा भांडणांत आपल्याकडे पंचशीलातल्या तिसऱ्या शीलाचा दाखला लगेच दिला जातो. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे, त्याची आठवण फार थोड्यांना होते. आणि ते दोघांनाही लागू आहे. लपवणाऱ्याला तर आहेच, पण पुरावा नसताना वाटेल ते आरोप करणाऱ्यालाही आहे.

मग करायचे काय? आमच्याकडे याची गोळी नाही. पण चार संसार जवळून पाहून काही गोष्टी सांगता येतात. जुन्या व्यक्तीचा फोन आला तर तो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सांगावा. आठवड्यानंतर सांगितले की ‘आठवडाभर का लपवले’ हाच विषय होतो. सांगताना कोण, कशासाठी, पुढे बोलणार की नाही, एवढे स्पष्ट सांगावे. आणि ऐकणाऱ्याने, राग आला तरी, सांगितल्याबद्दल शिक्षा करू नये. राग येणारच, तो येऊ द्यावा. ताई म्हणाल्या तसे दोन दिवस घर डोक्यावर घ्या, पण सहा महिन्यांनी भाजीत मीठ जास्त पडले म्हणून तोच विषय उकरून काढलात तर पुढच्या वेळी तो माणूस सांगणार नाही. ‘तू बोलू नयेस असे मला वाटते’ असे म्हणण्याचा जोडीदाराला हक्क आहे. ते ऐकून घेणे, त्यावर बोलणे आणि मग ठरवणे, याला वेळ द्यावा लागतो. त्यासाठी रविवार दुपार पुरते. मुलांना खाली खेळायला पाठवावे आणि दोघांचेही फोन बाजूला ठेवावेत.

कार्यकर्त्यांनाही एक विनंती. असा वाद आला की विहारात वीस-पंचवीस माणसे जमवून बैठक घेण्याची आपली सवय आहे. हुंड्याच्या किंवा मारहाणीच्या प्रकरणात समाजाचा दबाव उपयोगी पडतो. इथे उलट होते. जे दोघांत मिटले असते ते गावभर होते, आणि मग माघार घ्यायला दोघांनाही लाज वाटते. एक वडीलधारी स्त्री आणि एक पुरुष, एवढे पुरे. बाहेर शब्द जाणार नाही याची हमी आधी द्यावी.

मात्र मारहाण होत असेल, धमकी असेल, तर घरात मिटवत बसू नये. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून समुपदेशन आणि पोलीस मदत एकत्र मिळण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजली. आपल्याकडे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचा भरोसा कक्ष आहे. तातडीच्या वेळी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. फोटोंची धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर स्त्रियांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. मनाविरुद्ध पाठलाग करणे, सतत संदेश पाठवणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि नव्या संहितेतही तो कायम आहे. एक गोष्ट विसरू नये, धमकीचे संदेश भीतीने पुसू नयेत. त्यांचे फोटो काढून एखाद्या विश्वासू मैत्रिणीकडे किंवा भावाकडे पाठवून ठेवावेत.

विरारच्या त्या मुलीचा नवरा दुसऱ्या बैठकीला आला तेव्हा गप्प होता. हात उचलल्याबद्दल त्याने तिची माफी आमच्यासमोर मागितली, आणि तक्रार द्यायला दोघे बरोबर गेले. मामींना यातले काही सांगायचे नाही, हे त्याचे त्यानेच ठरवले. ती अजून माहेरी आहे. शनिवारी तो तिकडे जातो.

नालासोपाऱ्याच्या ताईंनी काय करावे हे आम्ही सांगण्याआधीच त्यांनी ठरवले होते. त्यांनी नवऱ्याच्या फोनवरूनच त्या बाईंना फोन लावला, मुलगी कितवीला आहे ते विचारले आणि सांगितले, की यापुढे काही अडलेनडले तर मला फोन करा, माझा क्रमांक लिहून घ्या. पैसे परत मागितले नाहीत. बाईंनी आपणहून महिन्याला हजार द्यायचे कबूल केले. भाऊंना हे सगळे शेजारी बसून ऐकावे लागले. ताई अजून त्यांच्याशी पूर्वीसारख्या बोलत नाहीत, पण डबा भरून हातात देतात, आणि पासबुक भरायला आता दोघे मिळून जातात.